एका छपराखाली

नात्याच्या रकान्यापाशी आल्यावर दौलतरावाचा टाक थांबला. तोवर सगळं सरळ चाललं होतं. नाव जगदेव, मूळ गाव इंझोरी, हल्ली मुक्काम अमरावती, धंदा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचा, जाणं रिसोडच्या अलीकडं. एवढं सगळं जगदेवनं घडाघडा सांगितलं होतं आणि दौलतरावानं मान वर न करता लिहून घेतलं होतं. आता त्यानं मान वर केली, पायरीवर मांडीत गाठोडं घेऊन बसलेल्या बाईकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "संग बाई हाय. हे तुमची कोन?" वाशीमच्या सुखधाम लॉजचा हा मॅनेजर तसा भला माणूस होता. पोलीस दर आठवड्याला येऊन वही चाळतात, बेचाळीसपासून त्यांना हरेक पाहुण्यात एखादा भूमिगत दिसतो, म्हणून विचारावं लागतं, असं त्यानं ओशाळून सांगितलंही. जगदेवला त्यातलं काही ऐकू आलं नाही. उत्तर सोपं होतं, पण ते उद्या दुपारपर्यंतच खरं होतं. उद्या दुपारी चतुराच्या भावाच्या गावी चिंचेखाली पंच बसणार होते, त्यांच्यासमोर जगदेव ज्वारीच्या एका काडीचे दोन तुकडे करणार होता आणि चौदा वर्षांची त्याची बायको मोकळी होणार होती. "बायको," तो म्हणाला. काडीमोड ठरल्यापासून वीस दिवसांत हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नव्हता. दौलतरावानं तो लिहिला, वर टीपकागद दाबला आणि पाच नंबरची किल्ली पुढं सरकवली. पायरीवरच्या चतुरानं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती गाठोडं उचलून उभी राहिली.

इथं थांबायचं तर कुणाच्याच मनात नव्हतं. लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या आल्या, आणि तेव्हापासून मोटारीचा प्रवास म्हणजे निम्मी वाट बसून आणि निम्मी ढकलून. अंधारात अमरावती सोडलेली ही मोटार कारंज्यापर्यंत गुणानं चालली, मंगरूळच्या पुढं चढाला खोकली आणि वाशीम दिसू लागल्यावर जी बसली ती बसलीच. ड्रायव्हर किसनसिंग अर्धा तास भट्टीचा पंखा फिरवत राहिला आणि मग काळ्या तोंडानं त्यानं सांगून टाकलं, आता सकाळशिवाय निघायचं नाव नको. उतारूंनी गाडी ढकलत गावात आणली तेव्हा तीन वाजले होते. धर्मशाळेत सरकारनं धान्याची पोती रचली होती. राहता राहिलं सुखधाम, आणि तिथं एकट्या बाईला खोली देत नसत. चतुराची मावशी प्रयागबाई, जिच्याकडं काडीमोड ठरल्यापासून चतुरा राहत होती, तिनं निघताना जगदेवला बजावलं होतं की दिवसाउजेडी पोचा, वाटेत मुक्काम करू नका. म्हातारीला चोराचिलटांचं भ्या, असं समजून त्यानं मान हलवली होती. मान हलवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पाच नंबरचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. सुखधामच्या शाखा चार, अमरावती, अकोला, कारंजा आणि हे वाशीम. आणि मालक नानाजी असा हेकट की एका गावी जे केलं ते चारही गावी. दारं हिरवी, खाटा एकाच सुताराच्या, खुंट्या तीन, कोपऱ्यात माठ आणि त्यावर पितळी झाकण. आरसा भिंतीवर इतका खाली की उभ्या पुरुषाला त्यात सदऱ्याची बटणं तेवढी दिसावीत. नानाजी स्वतः बुटका. त्यानं अमरावतीत आरसा आपल्या मापानं ठोकला आणि बाकीच्या तीन गावांनी ते माप इमानानं पाळलं. स्वस्तात राहणाऱ्याला तक्रार कसली? पण जगदेवच्या पायांना वेगळंच वाटलं. सकाळपासून एवढी वाट तुडवली, धुळीनं डोळे भरले, हाडं खिळखिळी झाली, आणि शेवटी आलो कुठं, तर नऊ वर्षांपूर्वी निघालो होतो तिथंच. कारण इंझोरी सोडून दोघं पहिल्यांदा अमरावतीला आली तेव्हा भाड्याची खोली मिळेपर्यंत अकरा दिवस सुखधामातच राहिली होती, आणि त्या खोलीचाही नंबर पाचच होता. एवढंच की तिथं खिडकीतून जिनिंगची चिमणी दिसायची आणि इथं एक पडकी भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेलं कुणाचं तरी धोतर दिसत होतं.

भिंतीवर नियमांची छापील पाटी होती. ती त्याला वाचावी लागली नाही, कारण ती त्यानंच जुळवलेली होती. चार वर्षांपूर्वी नानाजी छापखान्यात स्टुलावर बसून सांगत गेला आणि जगदेव एकेक खिळा उचलून पट्टीत बसवत गेला. नियम चौथा, एकट्या स्त्रीस खोली दिली जाणार नाही. नियम पाचवा, सोबत स्त्री असल्यास तिच्याशी असलेले नाते लिहून द्यावे. त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं? काही नव्हतं. नियम लांबत चाललेत, मोठे खिळे पुरतील की नाही, एवढीच काळजी होती. अशी किती वाक्यं त्याच्या बोटांखालून गेली असतील. लग्नपत्रिका, लिलावाच्या नोटिसा, सिनेमाच्या जाहिराती, दहाव्याची पत्रं. खिळे जुळवणारा शब्द उलटे वाचतो, आणि नऊ वर्षं उलटे शब्द वाचले की सुलट्या शब्दांचंही फारसं काही वाटेनासं होतं, असं तो गमतीनं म्हणायचा. गंमत अशी की ते खरं होतं. तो खाटेच्या कडेवर बसला. चतुरा आरशासमोर उभी राहून पदरानं तोंडावरची धूळ पुसत होती. आरसा बरोबर तिच्या उंचीला होता.

अमरावतीलाही असाच होता. एकोणीस वर्षांची चतुरा पहिल्या दिवशी त्यात बघून हसली होती आणि म्हणाली होती की हा माह्याच साठी लावला, तुमी वाकून पाहा. तो वाकला होता आणि दोघांची तोंडं एका चौकटीत मावत नव्हती म्हणून तिनं त्याच्या गालाला गाल लावला होता. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की ती दचकायची. आपल्या डोक्यावर माणूस चालते, हे तिला पटतच नव्हतं. ते अकरा दिवस तो काम शोधत उन्हात हिंडायचा आणि आला की ती सांगायला बसायची. खाली कोण उतरलं, कुणाच्या मुलानं माठ फोडला, खिडकीखालून पाला विकत जाणारी बाई आवाज कसा काढते. आवाज काढूनच दाखवायची. तो पोट धरून हसायचा. तो हसायचा? हो, हसायचा. जगदेवला ते आठवलं आणि आपलंच काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं. मूल झालं नाही म्हणून हे असं झालं, असं गल्लीतल्या बाया बोलायच्या. लोकांना कारण हातात धरता येण्याजोगं लागतं. मूल नाही याचं दुःख दोघांनी मिळून केव्हाच सोसून टाकलं होतं. झालं होतं ते फार साधं होतं. काम लागलं, दिवसभर लोकांचे शब्द जुळवून तो घरी आला की त्याच्याजवळ स्वतःचा शब्द उरेना. ती बोले, तो हूं म्हणे. तिचं बोलणं चुलीवर शिजणाऱ्या भातासारखं झालं, आवाज येतोय तोवर लक्ष द्यायचं कारण नाही.

आणि मग पाऊसकाळ सरल्यावर एका संध्याकाळी तो मोरीत बसून बोटांची शाई घासत होता, तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तीन दिस झाले, मी तुमच्यासंग एक अक्षर बोलली नाई. तुमाले समजलं काय?" त्याला समजलं नव्हतं. त्याला तर वाटत होतं की कालच ती शेजारच्या गोजराबाईच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. म्हणजे तीन दिवस त्यानं कुणाला हूं म्हटलं? तो वळून बघेपर्यंत तिनं दुसरी गोष्टही सांगून टाकली. भावाच्या गावी एक बिजवर आहे, दोन पोरांचा बाप, भाऊ मागं लागलाय. मला मोकळी करा. जगदेवच्या छातीत तेव्हा जे उसळलं ते त्याला आता या खाटेवर बसूनही आठवत होतं, आणि तोंडातून जे निघालं तेही. "बरं," तो म्हणाला होता. शाई निघत नव्हती म्हणून आणखी राख घेतली होती.

का म्हणाला? वीस दिवस तो स्वतःला हेच विचारत होता, आणि उत्तर इंझोरीला होतं. तो आठ-नऊ वर्षांचा असताना तिथं एक काडीमोड झाली होती. त्याचे वडील पंचांत होते म्हणून तो अगदी पुढं बसून बघत होता. किसन नावाचा एक धिप्पाड गडी, बैलाच्या शिंगाला धरून फिरवणारा, त्याच्या हातात काडी दिली आणि ती त्याला मोडेना. हात लटलटा कापायला लागले. मग तो सगळ्यांदेखत मोठ्यानं रडला. बायको खाली मान घालून उभी राहिली आणि लोक हसले. आधी एक जण, मग सगळे. पुढं दोन वर्षं पोरं काडीमोडीचा खेळ खेळत आणि किसनचं सोंग करायला सगळ्यांत पटाईत कोण, तर जगदेव. त्याच्या रडण्यावर मोठी माणसंसुद्धा खूश व्हायची. किसन रस्त्यानं जाताना एकदा थांबून ते सोंग बघत उभा राहिला होता. गड्यानं बाईसाठी असं उघडं पडू नये, हे जगदेव त्या वयात शिकला. आणि शिकलेलं विसरायला माणसाला फार दिवस लागतात.

चतुरानं गाठोडं सोडलं. भाकरी, मिरचीचा ठेचा, कोरडा झुणका. तिनं त्याची भाकरी वेगळ्या फडक्यावर वाढली आणि आपली वेगळी घेतली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. भाकरीवरचे बोटांचे ठसे त्याच्या ओळखीचे होते. वीस दिवस खानावळीत जेवताना काय चुकत होतं ते आता त्याला कळलं, आणि हे सांगावं असं त्याच्या मनात आलं. वाक्य मनात पुरतं जुळलंही. तेवढ्यात ती म्हणाली, "पंच इचारतीन, रात कुठी काढली म्हणून." ती खाली बघून बोलत होती, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. एकाएकी त्याला सगळं आठवलं. प्रयागबाई चोरांना भीत नव्हती. काडीमोडीची बोली झाली की दोघांनी एका छपराखाली रात्र काढायची नाही. काढली तर ती पुन्हा नवराबायको झाली, बोली फुकट, पंच काडी हातात देत नाहीत, वर्षभर तोंड काढू नका म्हणतात. वडिलांच्या तोंडून त्यानं हे दहादा ऐकलं होतं. शहरात राहून विसरला होता. आणि वर्षभर तो बिजवर कशाला थांबेल? दोन पोरं आहेत, त्याला चूल पेटवणारी पाहिजे. म्हणजे या एका रात्रीपायी चतुराचं सगळं मोडणार.

काय बोलावं? इथंच राहतो म्हणावं, असं वाटलं. इतकं वाटलं की त्यानं खाटेची कड घट्ट धरली. पण लगेच दुसरा विचार आला, की ही आठवण तिनं का दिली असेल? मला बाहेर जायला सांगायची तिची रीत आहे ही. बिचारी तोंडानं म्हणत नाही. आयुष्यात एकदा तरी तिचं न बोललेलं आपल्याला कळलं, असं वाटून त्याला आत कुठंतरी समाधानसुद्धा झालं. माणूस चुकतो तेव्हाच त्याला आपण फार शहाणे झालो असं वाटतं. "मी मोटरीत झोपतो," तो म्हणाला, "तुह्या कामात खोट नको." चतुरानं त्याच्याकडं बघितलं. मग भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "तुमाले जसं वाटते तसं." तिचा आवाज एवढा सपाट का झाला, हे त्याला कळलं नाही. दिवेलागणीला तो चादर घेऊन खाली उतरला तेव्हा दौलतरावानं विचारलं, काय झालं, खोली पसंत नाही का? जगदेवनं सांगितलं, ढेकूण आहेत. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती, कान तापले.

रात्र त्यानं मोटारीच्या लाकडी बाकावर काढली. ड्रायव्हर किसनसिंग पुढच्या बाजूला घोरत होता, भट्टीचा वास चादरीत शिरत होता. झोप लागलीच नाही. सकाळी चतुरा आपली आपण आली, गाठोडं घेऊन, केस चापूनचोपून बसवलेले, आणि बायांच्या बाकावर जाऊन बसली. तिचे डोळे लाल होते. धुळीनं झाले असतील, असं त्यानं ठरवलं. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून कणसांवर आली होती आणि मधूनमधून कापसाची बोंडं उकलली होती. दर मैलाच्या दगडाला त्याला वाटे, मोटार पुन्हा बंद पडावी. काल शंभरदा खोकणारी ती मोटार आज मेली शहाण्या सुनेसारखी चालत होती. फाट्यावर चतुराचा भाऊ रामराव बैलगाडी घेऊन उभा होता. त्यानं जगदेवला रामराम घातला, चहा विचारला, हालहवाल पुसली. काडी मोडेस्तोवर जावई तो जावई.

चिंचेखाली घोंगडी अंथरली होती. अकरा माणसं होती आणि मधोमध इंद्रभान पाटील, पांढऱ्या मिशांचा, एका कानानं कमी ऐकणारा. त्याच्या पुढ्यात ज्वारीची एक सोललेली काडी ठेवली होती. इतकी बारीक की वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर खडा ठेवला होता. चतुरा भिंतीशी पदर ओढून उभी राहिली. पलीकडं तो बिजवर बसला असावा. जगदेवनं तिकडं बघितलं नाही. इंद्रभाननं रीतीप्रमाणं विचारलं, की जावाईबापू, बोली झाल्यापासून दोघं एका छपराखाली राहिलात काय? आणि जगदेवनं खरं ते सांगितलं. काल वाशीमला मुक्काम पडला, ही लॉजात झोपली, मी मोटारीत झोपलो. पंचांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, शाबास, शहरात राहून रीत सांभाळली. इंद्रभान काडी उचलायला वाकला आणि केवळ विचारायचं म्हणून भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "काय वं बाई, बराबर हाय ना?"

"नाई," चतुरा म्हणाली. "एकाच खोलीत होतो आमी."

आधी जगदेवला वाटलं, हिचं काहीतरी चुकतंय. चौदा वर्षांत तिला एकही खोटी गोष्ट सांगताना त्यानं ऐकलं नव्हतं. रामराव ताडकन उठला आणि चतुरे काय बोलून राह्यली, असं म्हणत तिच्याकडं गेला. ती हलली नाही. पदराखालून तेच पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, इंद्रभानच्या बऱ्या कानाला ऐकू जाईल असं. आणि तेव्हा कुठं जगदेवला कळलं. काल भाकरी मोडता मोडता ती त्याला बाहेर जायला सांगत नव्हती. राहायला सांगत होती. याहून उघड बाईनं आणखी काय बोलावं? ती सांगून बसली होती, आणि तो चादर घेऊन खाली उतरला होता, स्वतःच्या शहाणपणावर खूश होत. रात्रभर ती त्या बुटक्या आरशासमोर बसली असेल. बसल्या जागीच त्यानं दोन्ही तळवे घोंगडीवर टेकले.

इंद्रभाननं काडी पुन्हा खाली ठेवली. तो रागावलेला नव्हता, पण असल्या कामात घाई करणारा माणूस तो नव्हता. म्हणाला, दोघांतलं एक कुणीतरी पंचांसमोर खोटं बोललं, हे बरं नाही. जावाईबापू, तुमी सांगा. मोटरीत होते का खोलीत? ती म्हणते तसंच, असं म्हणून टाकणं सोपं होतं, म्हटलंही त्यानं तसं, पुटपुटत. इंद्रभान कानाला हात लावून म्हणाला, "थे काय म्हणते, थे आमी ऐकलं. तुमचं सांगा." सगळे बघत होते. चतुराही बघत होती. पदर कपाळापर्यंत सरकला होता आणि तिनं तो ओढला नव्हता.

"खोलीत होतो," जगदेव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. "मघा मी खोटं सांगतलं."

"काहून?"

"भेव वाटलं."

"एवढ्या मोठ्या गड्याले भेव कायचं?"

कुणीतरी हसलं. मग आणखी एक जण हसला. जगदेवचे हात कापायला लागले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"हे चालली जाईन, याचं," तो म्हणाला.

हसणारे थांबले नाहीत, पण त्यांचा आवाज कमी झाला. रामराव बहिणीकडं न बघता शेताच्या वाटेनं निघून गेला. इंद्रभाननं खडा बाजूला केला आणि काडी वाऱ्यावर सोडून दिली, मग शेजारच्याकडं तंबाखू मागितली.